ट्रंकवाल्या म्हाताऱ्याचं शेवटी काय झालं?

राघोभाऊ,

साष्टांग नमस्कार. (लिहायचा म्हणून लिहिलेला नाही, खरोखरच आडवा होऊन घातलेला आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींनी गोड सोडलं, की अजून देवापुढचा पेढा आपोआप गायब होतो? चाळीसगावात सगळी मंडळी धडधाकट असतील अशी आशा करतो, कारण हे पत्र वाचून तुम्हाला माझ्यासाठी थोडं खोटं बोलायचं आहे आणि त्याला तब्येत लागते.

फोनच केला असता. पण आमच्या घरात मी फोन कानाला लावला की सूनबाई रुपाली "कोण, मामा का?" म्हणत लगेच स्पीकर सुरू करते. म्हणून हा पोस्टाचा उद्योग. तर मुद्दा असा की आमच्या चिरंजीवांचा, म्हणजे तुषारचा, तुम्हाला फोन आला असेल, नाहीतर येईल. तो म्हणेल, मामा, बाबा फार थकलेत, सहा महिने तुमच्याकडे विश्रांतीला पाठवतो, सायलीसाठी आम्ही पाळणाघर बघतोय. त्याला हो म्हणालात तर आपलं नातं संपलं! ही सगळी आग तुमच्या त्या नाटकाने लावली आहे.

तुमचंच नाटक तुम्हाला सांगतो, कारण लिहिताना तुम्ही शुद्धीवर होतात याची मला खात्री नाही. एक पोर असतं. ते माणसांचं रक्त पितं. शेकडो वर्षं झाली, त्याचं वय वाढत नाही. ते मुलगा की मुलगी, दुष्ट की बिचारं, कशाचाच पत्ता लागत नाही. त्याच्याबरोबर एक माणूस असतो, तरुणपणापासून त्याची ट्रंक उचलून गावोगाव हिंडता हिंडता म्हातारा झालेला. शेवटी पोर म्हाताऱ्याच्या मानेवर डोकं टेकतं. अंधार. पडदा. आता मला सांगा, ते चावलं की झोपलं? म्हातारा मेला, की त्यालाही सुळे फुटले, की सकाळी उठून त्याने पुन्हा ट्रंक उचलली? मी तुम्हाला तेव्हा विचारलं होतं. तुम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणालात, "प्रेक्षकांना ठरवू द्या." ठरवलं की हो त्यांनी! मला चाळीसगावला धाडायचं ठरवलं.

तुमचं नाटक बसवलं ते इथे सुरतेत, आमच्या लिंबायतच्या गणेश मंडळाने, सगळं आपलं खानदेशी पब्लिक. मंडळाचे सेक्रेटरी सुकदेव, कापडाच्या मिलमध्ये रंगखात्यात आहेत, उत्साह असा की शेजारच्या गल्लीतलं लग्नही हेच अंगावर घेतील. त्यांनी आमच्या नातीला, सायलीला, बघितलं मात्र आणि रक्तपिपासू पोराची निवड जागच्या जागी झाली. सायलीचे पुढचे दोन दात नुकतेच पडलेत, त्यामुळे बाजूचे सुळे आपोआपच नजरेत भरतात. म्हातारा म्हणून मला घेतलं, कारण तिचं दप्तर उचलून मी रोज तिच्यामागे चालतच असतो, त्यात नवीन काय शिकवायचं? पोशाखाचा प्रश्न आला. मुलगा की मुलगी हे तुम्ही लिहिलंच नाहीत, तेव्हा फ्रॉक की चड्डी? शेवटी रुपालीने साडीच्या उरलेल्या तुकड्याचा पायघोळ अंगरखा शिवला. (सुरतेत माणूस उपाशी राहील एकवेळ, कापडावाचून राहायचा नाही.)

संध्याकाळची आरती झाली आणि पडदा वर गेला. पहिलाच प्रवेश तुमचा तो गाजलेला, म्हणजे तुमच्या मते गाजणारा. पोर उंबऱ्याबाहेर उभं आहे, घरातल्यांनी 'आत ये' म्हटल्याशिवाय त्याला आत पाऊल टाकता येत नाही, सगळीकडे भयाण शांतता. अहो राघोभाऊ, तुम्ही खानदेशातले ना? आपल्याकडे दारात पोर उभं आहे आणि त्याला आत बोलवत नाहीत, हे कधी घडलंय? एक मिनिट सगळ्यांनी कसाबसा दम धरला. मग पहिल्या रांगेतल्या सरलाबाई उठल्या. "ये व माय, घरमा ये! बाहेर काबर उभी शे?" आणि एवढ्यावर थांबतील तर त्या सरलाबाई कसल्या? तरातरा स्टेजवर चढल्या, पोराला हाताला धरून आत आणलं, घरातल्या पात्रांना पोराबाळांशी कसं वागावं ते सुनावलं, आणि "पोरले भूक लागनी व्हई" म्हणत पिशवीतून भाकरी काढून पोराच्या हातात दिली. भाकरीवर लसणाची चटणी.

लसणाची! तुमच्या नाटकात पोर लसणाच्या नुसत्या वासाने किंचाळत पळतं असं लिहिलंय. आमचं पोर दुपारपासून तालमीत उपाशी होतं. त्याने सगळी भाकरी खाल्ली. मग चटणीने आपला गुण दाखवला. सायलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाकातून धारा, तोंडाने सू सू. प्रेक्षकांना वाटलं, पिशाच्चाला पश्चात्ताप होतोय. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एका गृहस्थांनी पोराला बक्षीससुद्धा जाहीर केलं.

इकडे माझी वेगळीच गत. प्रयोगासाठी ट्रंक रिकामी करायची होती, ती कोणी केलीच नाही. आत मंडळाच्या झांजा, समया आणि दोन पितळी घंटा! मी ट्रंक उचलली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. चाललो की आतून घण् घण्, आणि मी घामाघूम. लोक म्हणाले, काय अभिनय आहे! तुषार मात्र म्हणाला नाही. तो आपल्या बापाला धापा टाकताना बघत होता.

त्यातून सुकदेवांचं डोकं. रक्ताच्या नाटकात रक्तच नाही हे त्यांच्या मनाला लागलं होतं. शेवटच्या प्रवेशाआधी विंगेत त्यांनी माझ्या मानेवर बोटाने दोन लाल ठिपके काढले. मी म्हटलं, अहो, चावलं की नाही ते लेखकालासुद्धा माहीत नाही. तर म्हणाले, काका, लेखकाचं सोडा, मागच्या रांगेला दिसलं पाहिजे. रंग मिलमधला. पक्का! साबण झाला, रॉकेल झालं, लिंबू झालं, रुपालीने भांड्यांची घासणी घेतली तेव्हा मी ओरडलो. ठिपके जसेच्या तसे. दुधाच्या दुकानात लोक माझ्याकडे बघून आपापसात बोलतात. मी आता कॉलर वर करून हिंडतो, तर सोसायटीतल्या बायकांना वाटतं, म्हातारा रंगात आलाय.

प्रयोगानंतर मांडवात जे जुंपलं ते तुम्ही बघायला हवं होतंत. सरलाबाईंचं म्हणणं, तो मुंजा होता. दुसऱ्या कोणी काढलं की मुंजा पिंपळावर राहतो, ट्रंक घेऊन हिंडत नाही, आणि रक्त तर पीतच नाही. मग हडळ? हडळीचे पाय उलटे असतात, सायलीचे सरळ होते. शेवटी सरलाबाईंनी निकाल दिला की भुकेलं पोर ते भुकेलं पोर, त्याला जातपात नको लावायला. सुकदेव म्हणाले, म्हातारा खलास, ठिपके बघितले नाहीत का? आणि तिथे आमचे चिरंजीव पहिल्यांदा बोलले. म्हणाले, तो कधीच खलास झाला होता. त्या पोराने त्याला आयुष्यभर फुकटचा हमाल म्हणून राबवलं, आणि कुणाला दिसलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर चाळीसगाव समोर आलं. तुषार म्हणे, बाबा, शाळेची ने-आण, डबा, गृहपाठ, वेणी, आम्ही दोघांनी तुम्हाला फार गृहीत धरलं. पोरगा चांगला आहे हो, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. चांगल्या माणसांपुढे फार पंचाईत होते, भांडता येत नाही.

पण म्हातारा कसा होता हे मला विचाराल की नाही? भूमिका मी केली आहे! तुमची बहीण गेल्यावर मी दोन वर्षं काय करत होतो ठाऊक आहे? पेपरशी भांडत होतो. जेवायला बसायचो आणि ताट तसंच ठेवून उठायचो. सुधा नाही तर भाजीत मीठ आहे की नाही हे सांगायचं तरी कुणाला? मग ही बया शाळेत जायला लागली. आता दुपारी ती दार वाजवते तेव्हा मला भूक लागते, त्याआधी लागत नाही. रक्त पिते म्हणे! पिऊ दे की. नाहीतरी ते नुसतं पडूनच होतं. मला तिच्यापासून लांब पाठवलंत तर मी विश्रांतीनेच मरेन, हे तुषारला माझ्या तोंडाने सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

माझी प्रकृती उत्तम, अगदी ठणठणीत आहे. वहिनींना नमस्कार, आणि पेढा कमी करा म्हणावं.

तुमचा मेव्हणा,
जयंत

ता. क. तुषारला कळवायचं ते असं: वरची खोली रिकामी नाही. मिरच्या वाळत घातल्यात म्हणा, भाडेकरू ठेवलाय म्हणा, भूत आहे म्हणा, तुम्ही लेखक आहात. आणि खाली सही करून एवढं लिहा की नाटकातला म्हातारा शेवटी जिवंत असतो. तुमच्या अक्षरात. माझ्यावर त्याचा विश्वास नाही.

ता. क. २. वर 'ठणठणीत' लिहिलंय ते तुषारसाठी, चुकून पत्र त्याच्या हाती पडलं तर. खरं म्हणजे काल झाडात अडकलेला पतंग काढायला सायलीला खांद्यावर घेतली आणि कंबरेत उसण भरली. सगळं पत्र पडल्या पडल्या लिहिलंय. घरात उशी चुकीची होती असं सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात खुद्द पिशाच्च खोलीत आलं, शेकायची पिशवी घेऊन. (उशीवर तिचा विश्वास बसलेला नाही.) म्हटलं, जिला विचारायला हवं तिला कोणी विचारलंच नाही. सायले, शेवटी तू म्हाताऱ्याला चावलीस का गं? तर म्हणे, "छे! मला झोप आली होती." मग म्हाताऱ्याचं पुढे काय झालं? तिने पिशवी माझ्या कंबरेखाली सरकवली आणि म्हणाली, "काही नाही. त्याची कंबर दुखत होती ना, मग ट्रंक मीच उचलली." राघोभाऊ, तेवढं मिरच्यांचं नक्की लिहा.