डाव्या बाजूचा आवाज

प्रिय बाईसाहेब,

आधी बातमी सांगतो, मग बाकीचं. आपला जपानी जावई गेला. मी विकला, तुला न विचारता. बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर आता त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरलाय आणि भोवती धूळ. म्हणजे तू गेल्यापासून मी कपाट पुसलेलं नाही, हेही तुला याच वाक्यात कळलं.

ॲम्प्लिफायरला ‘जावई’ हे नाव तूच ठेवलंस. घरातली उत्तम जागा त्याची, त्याच्या अंगावर कुणी काही ठेवायचं नाही, उकडायला लागलं की पंख्याचं तोंड आधी त्याच्याकडे. खरा जावई पहिल्यांदा घरी आला आणि हातातला कप ॲम्प्लिफायरवर ठेवायला गेला, तेव्हा मी असा ओरडलो की बिचाऱ्याने उरलेला चहा उभ्यानेच संपवला. वर तू त्याला म्हणालीस, “घाबरू नका, तो थोरला जावई आहे. मान त्याचा.” अजून तो आपल्याकडे आला की आधी कपाटाकडे बघतो, मग बसतो.

विकला का, तर रागाने. खोटं कशाला बोलू? गेलं वर्ष-दीड वर्ष मी रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद करून यायचो, हातपाय धुऊन तबकडी लावायचो, आणि तू उठून स्वयंपाकघरात जायचीस. पूर्वी आपण शेजारी शेजारी बसायचो. खुर्च्यांच्या पायांशी मी फरशीवर खुणा केल्या होत्या, दोन्ही स्पीकरपासून अंतर सारखं राहावं म्हणून. झाडताना खुर्ची बोटभर सरकली तरी मी कटकट करायचो. त्या खुणा आहेत, तुझी खुर्ची आहे, तू नाहीस. मग तू मुलीच्या बाळंतपणाला गेलीस. बाळ रांगायला लागलं तरी परत येण्याचं नाव नाही. फोन केला की “बरं, बरं” आणि लगेच मुलीला “हे घे, बाबांशी बोल.” मी मनात हिशेब मांडला: ही मलाही विटली आणि माझ्या यंत्रालाही. ऐकणारंच कुणी नाही तर हा बडेजाव कुणासाठी? दिली जाहिरात. त्यात काय लिहिलं होतं तेही सांगतो, कारण ते मला आता टोचतंय. ‘एकहाती वापर. सर्व भाग तपासलेले. दोन्ही बाजूंचा आवाज तंतोतंत सारखा.’

एकहाती, हेही खोटंच. बंद पडलेल्या हॉटेलातून तो मढ्यासारखा आणला, तेव्हा टॅक्सीत तुझ्या मांडीवर होता. उतरल्यावर तुझे पाय बधिर झाले होते आणि मी आधी त्याची काच बघितली. मला शिकवणारा कोणी नव्हता. जोडणीचा नकाशा जपानीत. तू भिंग धरून सुट्या भागांवरच्या रंगांच्या पट्ट्या वाचायचीस आणि मी कथलाचा डाग द्यायचो. सगळं जोडून झालं, मीटरने पास केलं, मी छाती फुगवून उभा, आणि तू म्हणालीस, “अहो, मागे कुणीतरी तांदूळ पाखडतंय.” मला काही ऐकू येईना. मीटरलाही दिसेना. तुझी समजूत घालायला म्हणून पुन्हा उघडला आणि एक कपॅसिटर खरोखरच बाद निघाला. त्यानंतर कित्येक वर्षं दुकानातला प्रत्येक रेडिओ गिऱ्हाइकाला देण्याआधी मी घरी आणून तुला ऐकवायचो. लोक म्हणायचे, काय कान आहे हो तुमचा! मी म्हणायचो, सवय आहे. तुझं नाव एकदाही घेतलं नाही.

तीच तू मला म्हणालीस, “डावीकडचा आवाज कमी येतोय.” मी लगेच उघडला. बटणं साफ केली, सांधे पुन्हा डागले. तू पुन्हा म्हणालीस. मी पुन्हा उघडला. मग एकदा बघतो तर डाव्या-उजव्या आवाजाचं ते छोटं बटण डावीकडे वळलेलं. मी ते सरळ केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकडं. मला वाटलं, बटण ढिलं झालंय, आपोआप सरकतंय. मी ते बदललंसुद्धा! शेवटी वैतागून तुला हाताला धरून यंत्रासमोर उभी केली आणि म्हणालो, “बघ. दोन काटे आहेत. डावा आणि उजवा. सारखे नाचतायत की नाही? यंत्र खोटं बोलत नाही.” तू काट्यांकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि म्हणालीस, “हो. सारखे आहेत.” त्यानंतर तू कधी तक्रार केली नाहीस. तक्रार बंद झाली म्हणजे दोष गेला, असं मी धरून चाललो. दुकानात गिऱ्हाईक परत आलं नाही की मी असंच धरून चालतो.

आता रविवारचं सांगतो. घ्यायला आला तो निवृत्त बसचालक. बायकोला गाण्यांचं वेड, आणि हा घरात बसून तिच्या पायात पायात येतो, म्हणून दोघांसाठी काहीतरी हवं होतं. माणूस गमत्या. मी त्याला काटे, बटणं, आतली जोडणी, सगळं साग्रसंगीत समजावलं. तो म्हणाला, “साहेब, मला मुलगी द्यायची नाहीये, गाणं ऐकायचंय.” मग तुझ्या खुर्चीत बसला. मी तबकडी लावली. थोडं ऐकलं आणि त्याने मान डावीकडे वळवली, उजवा कान पुढे केला. नेमकी तुझ्यासारखी. तू अशी बसायचीस तेव्हा मी तुला काय म्हणायचो ते आठवतंय? “कोंबडीसारखी मान काय वाकडी करतेस, सरळ बैस.” मी ते हसत म्हणायचो. तू हसायचीस की नाही, आठवत नाही.

मग तो उठला आणि सरळ त्या छोट्या बटणाला हात घातला. डावीकडे वळवलं, अगदी त्याच जागी, जिथून मी ते रोज सरळ करायचो. आणि समाधानाने म्हणाला, “हां, आता बरोबर झालं.” मी माझ्या सवयीने म्हणालो, “अहो, दोन्ही बाजू सारख्या आहेत.” तो म्हणाला, “यंत्राच्या असतील. माझ्या नाहीत. जन्मभर इंजिनाशेजारी बसलो, डावा कान तिथेच ठेवून आलो. बायको म्हणायची, मुद्दाम ऐकत नाही मेला.” आणि मोठ्याने हसला.

व्यवहार मोडावा असं वाटलं. पण तो बायकोला फोनवर सांगत होता, “मिळालं बरं का गं,” आणि मी पैसे मोजून घेतले. बंद करताना आयुष्यात पहिल्यांदा मी ते बटण वाकडंच ठेवलं.

तेव्हापासून घरभर मला तूच दिसतेस. रस्त्याने चालताना मागून वळसा घालून माझ्या डाव्या हाताला येणारी. मी म्हणायचो, गाड्यांना घाबरतेस. चार माणसं जमली की नुसती हसून मान हलवणारी. मी म्हणायचो, हिचं लक्ष कुठे असतं कोण जाणे. शिटी झाली तरी कुकर बंद न करणारी, आणि त्यावरून मी सुनावलेले शब्द. ते इथे लिहीत नाही. तुला पाठ असतील. मी सगळं यंत्र खिळ्यानखिळा उघडून बघितलं, फक्त तुला विचारलं नाही की, बाई, तुझा कान बरा आहे ना? आणि तुला मात्र त्या दोन काट्यांसमोर उभं असतानाच कळलं असणार. माझ्यासारख्याला सांगायचं तरी कसं? मी तुझ्यासमोर मीटर धरला असता.

काल कानाच्या डॉक्टरीणबाईंना भेटून आलो. त्या म्हणाल्या, पेशंट न बघता काही सांगता येत नाही, पण जितकं लवकर तितकं बरं. उशीर किती झाला म्हणजे फार उशीर, हे मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यातल्या बुधवारची वेळ घेतली आहे. तुझी तयारी नसेल तर रद्द करू. इथून पुढे तुझ्या बाबतीत ‘मी ठरवलंय’ हे वाक्य मी बोलणार नाही.

तू म्हणशील, एवढं सगळं लिहीत काय बसलात, रोज तर फोन करता. केला असता. पण तिकडे फोन सगळ्यांमध्ये मोठ्याने लावलेला असतो, मागे बाळ रडतंय, जावई हाका मारतोय, आणि त्या गलक्यात माझं एखादं वाक्य तुझ्यापर्यंत पोचत नाही म्हणून तू “बरं” म्हणून फोन मुलीच्या हातात देतेस. हे मला आता कळतंय. मी त्याला रुसवा समजत होतो. जे सांगायचं होतं ते तुझ्यापर्यंत एक शब्दही न गळता पोचावं, आणि त्यासाठी तुला मान वळवावी लागू नये, म्हणून लिहिलं. यावर फोन करू नकोस. मी शनिवारी येतोय. चल म्हणणार नाही. तुझ्या उजव्या हाताला बसेन, आणि तू बोलशील ते ऐकेन.

तुझाच,
बिनडिग्रीचा इंजिनियर