फोन न करण्याचं कारण

तलासरी, सोमवार

प्रिय शालिनी,

मी अगदी खुशाल आहे. फोनऐवजी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. इथे रेंज नाही. ज्याच्या घरी उतरलोय तो लहान्या समोर बसून मोबाइलवर व्हिडिओ बघतोय, पण त्याचं सिम वेगळं आहे.

गुडघे उत्तम. जेवणही छान. लहान्याची बायको तानी दोन्ही वेळा नागलीची पेज देते. भाकरी मीच नको म्हणतो.

तुझी दाढ कशी आहे? डॉक्टर काहीही म्हणोत, काढू नकोस.

काल लहान्यासोबत डोंगर चढलो आणि झुडपांत हरवलेलं, कातळात खोदलेलं जुनं पाण्याचं टाकं शोधून काढलं! आत वाकून "सापडलं!" असा काही ओरडलो, की वरची कवळी थेट टाक्यात. तू "ढिली झालीय, दाखवून घ्या" म्हणाली होतीस, तीच.

लहान्या म्हणाला, "काका, होळीनंतर ये. पाणी आटलं का काढून देतो."

रविवारी घरी येतोय. माझ्या आईबद्दल, तुझ्या भावाबद्दल, इतक्या वर्षांत जे बोलायचं राहिलं असेल ते सगळं बोलून घे. अशी संधी पुन्हा येणार नाही.

तुझा, होळीपर्यंत मितभाषी,
अच्युत