मादामला नमस्कार कसा करावा

प्रिय चिंगे,

साठी उलटल्यावर तुझा बाप फ्रेंच शिकायला निघालाय. हसून झालं असेल तर पुढे वाच. सोमवारी संध्याकाळी वर्गाच्या दारात उभं राहून मला बाईंना नमस्कार करायचा आहे, आणि तो कसा करावा हेच कळेनासं झालंय.

नाव नोंदवायला गेलो तो नेहमीसारखा थेट मुद्द्यावर: वर्ग कधी, पुस्तकं कुठली? खिडकीतली बाई नुसती बघत राहिली. मागून कुणीतरी कुजबुजलं, काका, आधी 'बोंजूर' म्हणा, त्याशिवाय त्या बोलायच्या नाहीत. म्हटलं. तर मागूनच पुन्हा, नुसतं नाही, 'बोंजूर, मादाम'. मग मात्र खिडकीतली बाई अशी हसली, जणू मी घरी आलेला पाहुणाच. तेव्हापासून मला छंद जडलाय. भेटेल त्याला विचारतो, तुमच्याकडे शिक्षकांना काय म्हणता? छापखान्यातला जपानी मेकॅनिक म्हणाला, 'सेन्सेई', आणि वाकून दाखवलं. समोरचा तुर्की शिंपी 'होजाम' म्हणतो, म्हणजे 'माझे गुरुजी'. दवाखान्यातली स्वीडिश नर्स तर शाळेत बाईंना सरळ नावानं हाक मारायची! समतेवर जन्मभर घसा कोरडा करणाऱ्या मला हेच पटेल, असं वाटलं होतं. पण मन अडकलं ते शिंप्याच्या 'माझे'पाशी. आदर म्हणजे लाचारी, असं म्हणणाऱ्याशी मी आता भर चौकात भांडेन! सत्तेपुढे मान ताठच हवी. पण शिकवणाऱ्यापुढे ती आपणहून झुकते आणि माणूस तसूभरही लहान होत नाही.

सराव जोरात आहे. काल न्हाव्याच्या खुर्चीत 'बोंजूर, मादाम' म्हणालो, तर त्याचा वस्तराच थांबला. म्हणाला, काका, नमस्कार करताय की संप पुकारताय? तुझी आई म्हणते, आवाज खाली घ्या, नाहीतर बाई पहिल्याच दिवशी पळून जायची.

आता मूळ गोष्ट. माझ्या प्रत्येक सभेत तू पहिल्या रांगेत बसलीस. मी मात्र तुला शिकवताना एकदाही ऐकलेलं नाही. म्हणून तुझ्याच वर्गात नाव घातलंय. हजेरी घेताना तू दचकू नयेस, म्हणून हे पत्र. बाप वर्गात नको वाटला तर मोकळेपणानं कळव, मी दुसऱ्या बाईंच्या सकाळच्या वर्गात जाईन, रागावणार नाही. आणि चालणार असेल, तर एवढंच सांग: दारात उभं राहून मी तुला काय म्हणू?

तुझाच, आणि सोमवारी संध्याकाळपुरता तुमचा,
बाबा