जुना दवाखाना ‘मध्यम’ असल्याची नोंद होणेबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगर परिषद कार्यालय,
(नवीन इमारत, तिसरा मजला)

विषय : जुन्या दवाखान्याची इमारत सुंदरही नाही व टाकाऊही नाही अशी नोंद घेऊन तिच्याकडे पूर्ववत दुर्लक्ष करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराच्या सत्काराबाबत आपल्या कार्यालयाचे पत्र.
२) जुना दवाखाना पाडण्याबाबत आपल्याच कार्यालयाची नोटीस. (दोन्ही एकाच लिफाफ्यातून मिळाली.)

महोदय,

१. अर्जदार कन्याशाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकला शिक्षिका असून, आसपासच्या लहान गावांतून हिंडून जुन्या सार्वजनिक इमारतींची छायाचित्रे काढणे हा त्यांचा छंद आहे. या कामी त्यांची थोरली बहीण सोबत असते. कॅमेऱ्यावर छत्री धरणे व अर्जदारास टोमणे मारणे ही दोन्ही कामे ती विनामोबदला करते. आपला छंद निरुपद्रवी आहे, असा अर्जदाराचा बरीच वर्षे समज होता.

२. तो समज वाचनालयाने दूर केला. त्या इमारतीचा दगड उन्हापावसाने असा काही मुरला होता की सकाळी त्याचा एक रंग दिसे आणि कलत्या दुपारी दुसरा. अर्जदाराने काढलेले तिचे छायाचित्र वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत छापून आले. ‘आपल्या गावात अशी वास्तू आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हते,’ असे उद्गार आपण भर सभेत काढलेत. महिना उलटण्यापूर्वी त्या दगडावर गुलाबी तेलरंग बसला व कडांना पोपटी. ग्रंथपाल हल्ली कपाळावर आडवा हात धरूनच आत शिरतात.

त्यानंतर मंडई. तिच्या ओतीव लोखंडी खांबांवर वेलींची नक्षी होती. छायाचित्र छापून आले आणि खांबांना खालपासून वरपर्यंत चकचकीत फरशा बसल्या. तेथील भाजीवालीने अर्जदारास गाठून सांगितले, “बाई, गिऱ्हाईक दारापर्यंत येतं आणि न्हाणीघरात शिरल्यासारखं माघारी फिरतं.” घरी परतताना थोरल्या बहिणीने विचारले, “तू फोटो काढतेस की इमारतींची घटका भरवतेस?”

३. सबब, जुन्या दवाखान्याचे छायाचित्र कोठेही छापावयाचे नाही असे अर्जदाराने ठरविले. या दवाखान्यास लांब व्हरांडा असून त्यात रोग्यांसाठी एकच लाकडी बाक आहे, तो मधोमध झिजून खोलगट झाला आहे. खिडक्या इतक्या खाली घेतल्या आहेत की खाटेवर निजलेल्या माणसालाही बाहेरचे झाड दिसावे. ज्याने कोणी बांधला, तो स्वतः कधीतरी आजारी पडलेला असावा.

परंतु अर्जदार कॅमेऱ्याची तिपाई मांडून समोर उभ्या आहेत ही बातमी आपल्या कार्यालयात पोचली आणि आपले अभियंता रंगांचे तक्ते काखोटीला मारून धावत आले. “बाई, तुम्ही उभ्या राहिलात म्हणजे इमारत चांगलीच असणार. रंग कुठला द्यायचा तेवढं सांगा,” असे ते म्हणाले. त्यांच्या हातातील तक्ता पोपटी पानावर उघडा होता. ही इमारत अत्यंत सामान्य, मोडकळीस आलेली व डोळ्यांस त्रास देणारी आहे, आपण केवळ सावलीसाठी येथे थांबलो आहोत, असे अर्जदाराने बेधडक सांगितले. अभियंता हिरमुसले. “लेखी द्याल का?” त्यांनी विचारले. अर्जदाराने तिपाईवर कागद टेकवून तेथल्या तेथे लिहून दिले आणि आपण मोठीच शक्कल लढविली या आनंदात बहिणीला चहा पाजला.

४. तो कागद आपल्या कार्यालयात ‘तज्ज्ञाचा अभिप्राय’ झाला. ‘ज्येष्ठ वास्तुप्रेमी छायाचित्रकार यांच्या मते सदर इमारत कोणत्याही उपयोगाची नाही, सबब ती पाडण्यात येत आहे,’ असे आपली नोटीस म्हणते. त्याच लिफाफ्यातील दुसरे पत्र म्हणते की, गावाच्या वास्तुवैभवाची जपणूक केल्याबद्दल अर्जदाराचा जाहीर सत्कार योजिला आहे. बहिणीने दोन्ही पत्रे वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

५. अर्जदाराने अभियंत्यांना फोन करून अभिप्राय मागे घेत असल्याचे कळविले. ते म्हणाले, “म्हणजे इमारत चांगली आहे? मग रंग देतो.” चांगली नाही आणि वाईटही नाही, मध्यम आहे, असे सांगता ते म्हणाले, “बाई, आमच्याकडे दोनच रकाने आहेत. सुशोभीकरण नाहीतर निर्लेखन, म्हणजे पाडून टाकणं. मध्यम कुठे लिहू?”

महोदय, अर्जदाराचे नम्र निरीक्षण असे की, आपल्या कार्यालयाची नजर उत्तमावर पडते किंवा भिकारावर पडते, आणि दोहोंचा निकाल लागतो. मधल्या इमारतींकडे कोणी पाहत नाही म्हणूनच त्या आजवर उभ्या आहेत. तरी तिसरा रकाना आखावा. त्यासाठी लागणारी पट्टी व पेन्सिल अर्जदार घेऊन येतील, रेघ सरळ मारण्याचा त्यांना आयुष्यभराचा सराव आहे.

६. येथवरचे निवेदन हसण्यावारी नेले तरी अर्जदाराची हरकत नाही. पुढील मजकूर मात्र कृपया सावकाश वाचावा.

नोटीस लागल्यावर अर्जदार दवाखान्यात गेल्या. तेथील परिचारिकेला सारे गाव अक्का म्हणते. तो अभिप्राय कोणाचा हे अक्कांना ठाऊक नव्हते. त्या म्हणाल्या, “जाते आहे तर जाऊ दे, बाई. बरं झालं तुम्ही आलात. आमचा सगळ्यांचा इथे बसलेला एक फोटो काढा.” मग बाकावर सरकासरकी झाली. एका आईने तापलेल्या मुलीचे केस बोटांनीच विंचरले. एका हमालाने पट्टी बांधलेला पाय बाकाखाली घेतला. खोकणाऱ्या आजोबांनी खोकला छातीत दाबून धरला आणि ताठ बसले. बाकामागच्या खिडकीवर उजेड अगदी हवा तसा पडला होता. बहिणीने छत्री मिटली, टोमणा मारला नाही.

अर्जदाराने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि त्यांच्याने बटण दाबवले नाही. ज्या इमारतीचे आपण वाईट लिहून दिले, तिच्यात ही माणसे आपल्याकडे पाहून हसत आहेत, हे त्यांना त्या चौकटीत फार स्पष्ट दिसले.

“निघाला?” अक्कांनी विचारले.

“निघाला,” अर्जदार म्हणाल्या. आजोबांनी खोकून घेतले. प्रत्येकाने एकेक प्रत सांगितली, हमालाने दोन. वाटेत बहीण एवढेच म्हणाली, “आता गं?”

७. तात्पर्य, छायाचित्र निघालेले नाही आणि प्रती कबूल झालेल्या आहेत. ते काढावयाचे तर तोच बाक, तीच खिडकी व तोच व्हरांडा जागेवर हवा, बिनरंगाचा. अभिप्राय कोणाचा होता हे अक्कांना अर्जदार स्वतः सांगतील, कार्यालयाने ती तसदी घेऊ नये. सत्कार रद्द करावा, नोटीस उतरवावी आणि दवाखान्यास आपल्या विस्मरणात पूर्वीची जागा परत द्यावी, ही विनंती.

आपल्या दुर्लक्षाची अभिलाषी,
(सही)
निवृत्त चित्रकला शिक्षिका

दिनांक : नोटीस लागल्यानंतरचा सोमवार

सोबत :
१) वाचनालयाचे छायाचित्र, रंगापूर्वीचे. (नंतरचे आपल्या खिडकीतून दिसते.)
२) अर्जदाराच्या अभिप्रायाची नक्कल, आडवी रेघ मारून.
३) दवाखान्यातील मंडळींचे छायाचित्र : काढल्यावर सादर करण्यात येईल.