बाबांचा आवाज

माधवदादा,

कारखान्यात तुझा फोन बंद असतो, म्हणून लिहून ठेवतेय. बाबांना दवाखान्यात नेतेय.

आजाराने बाबांचा आवाज जायच्या आत तो भरून ठेवून पुढे त्यांच्याच आवाजात बोलणारं ते सॉफ्टवेअर आता मागवू नकोस. दिवाळीत ते मराठीत नव्हतं, गुजरातीत होतं, तरी मी म्हटलं होतं, "गुजरातीत तर गुजरातीत, आत्ताच घेऊ." तू म्हणालास, "थांब, पुढच्या आवृत्तीत मराठी येतंय." मलाही ते पटलं, तेव्हा दोष एकट्या तुझा नाही. कालच कंपनीचा मेल आला, मराठी आलंय. आज सकाळी बाबांनी मला हाक मारायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला, मग भिंतीकडे वळून पडून राहिले.

खिचडी झाकून ठेवली आहे. आम्ही परत आलो की त्यांना काही विचारू नकोस. उत्तर द्यायला जातात आणि रडतात.

अहल्या