तुमच्या वहीवरून काढलेला बाण

आबा, तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि मी पुण्यात एम.एस्सी. करत होते, तेव्हाचं हे. आरोग्य खात्याच्या कामावर तुम्ही सायकलला डबा बांधून कळंब, वरकुट्याच्या विहिरींत जंतुनाशक पावडर टाकत फिरायचात. कोणत्या विहिरीत कधी टाकली, कुणाकडे जुलाब झाले, सगळं वहीत. माझ्या प्रकल्पाला ती वही आयतीच मिळाली.

सुट्टीत घरी आलेय; आई भाकरी थापतेय, मी चुलीपाशी कागद पसरून बसलेय. जिथं पावडर जास्त, तिथं जुलाबही जास्त. मी ऐटीत दोन चौकटी काढल्या, एकीत पावडर, दुसरीत जुलाब, आणि पावडरीकडून जुलाबाकडे बाण. म्हणजे यामुळे ते. तुम्ही वाकून बघितलंत. "आगं, जितं जुलाब लागल्याचं कळतं, तितंच मी पावडर घिऊन पळतो. बाकीच्या हिरीवर कशाला जाऊ?" मी म्हणाले, "आबा, हे शास्त्र आहे. तुम्ही मध्ये बोलू नका."

तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. दुसऱ्याच दिवशी वरकुट्याला गेलात. त्या पावसाळ्यात जिथलं लेकरू जुलाबानं दगावलं होतं, त्या घरासमोर हात जोडलेत, "माझ्या हातनं झालं." त्या लेकराची आई रडून सांगत होती, "तुमी काय बी क्येलं न्हाय वो." तर म्हणालात, "पोरगी शिकल्याली हाय. ती म्हणती म्हंजी आसंल." पुढं घरात कुणाला तांब्याभर पाणीसुद्धा तुम्ही आपल्या हातानं दिलं नाहीत. इंदापूरच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशीही त्या लेकराचंच बोलत होतात.

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि माझ्या सरांनी पेन्सिलीनं तो बाण खोडून उलटा काढला. "आजार आधी, पावडर नंतर. तारखा नाही बघितल्या?" तारखा वहीत होत्या, तुमच्याच अक्षरात. मला त्या दिवशी जगावंसं वाटलं नाही, आणि आजही फारसा फरक पडलेला नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? आता बारामतीत शिकवते. दर वर्षी फळ्यावर त्या दोन चौकटी आणि तो चुकीचा बाण काढते. पोरं हसतात, "मॅडम, इतकं साधं कुणाला कळलं नाही?" मी म्हणते, असेल कुणीतरी. आणि त्यांच्याबरोबर हसते.