सत्तावीस चुकांचा सिनेमा

३ फेब्रुवारी, रविवार
आज फिल्म क्लबात अडीच तास पाण्यात गेले. क्लबचा सेक्रेटरी म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्यामुळे जावंच लागतं. ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा. त्याला म्हणे ‘क्लासिक’ म्हणायचं. गोष्ट काय, तर एक म्हातारा घर विकतो आणि शेवटचा दिवसभर सामान बांधतो. संपलं! मध्येच तो मेलेल्या बायकोला हाक मारून विचारतो, साखर कुठे ठेवलीस? मी मोठ्यांदा हसलो. अख्ख्या हॉलमध्ये एकटाच. बायको उठून बाहेर गेली. तेव्हापासून अबोला.

मेहुणा म्हणाला, भाऊजी, हा एकदा पाहून कळत नाही, हळूहळू चढतो. म्हटलं, सिनेमा आहे की ताप?

सतरा तारखेला क्लबासमोर सिनेमाच्या चुका वाचून दाखवणार, नाही जमलं तर सगळ्यांदेखत माफी मागणार, असं ठणकावून सांगून आलो. विमा कंपनीत क्लेम नामंजूर करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. हा सिनेमा किस झाड की पत्ती.

५ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ९
मेहुण्याकडून डीव्हीडी मागवली. ऑफिसच्या आधी पाहिला. नऊ चुका. खिडकीत आधी तीन कुंड्या, नंतर दोन! निव्वळ बेफिकिरी.

बायकोने नाश्ता टेबलावर आपटला आणि आत गेली. मी असं काय केलं? सासरे गेले त्याला वर्ष होत आलं, म्हणून हळवी झाली असेल. पण त्याचा सिनेमाशी काय संबंध?

९ फेब्रुवारी, शनिवार
तिसऱ्यांदा. केवळ चुका मोजायला. एकूण सत्तावीस. कुंडीची मात्र खोडावी लागली. ती म्हातारा शेजारणीला देऊन टाकतो. दाराआड, जेमतेम दिसतं. म्हणजे दिग्दर्शकाने मुद्दाम लपवलं. ही सरळसरळ लबाडी, म्हणून तीच नव्याने लिहिली. सत्तावीस कायम.

१३ फेब्रुवारी, बुधवार
सहाव्यांदा. अभ्यासात कसूर नको.

ऑफिसात एका म्हाताऱ्याचा क्लेम आला. घर जळालेलं. सामानाच्या यादीत ‘पत्नीचं शिलाई मशीन, बंद’. बंद मशीनचा कसला क्लेम? शिक्का उचलला नामंजूरचा, उमटला मंजूरचा. दोन्ही शिक्के शेजारी ठेवतात, हा कारभार! साहेबांनी विचारलं, डोळे का लाल? सर्दी, म्हटलं.

१६ फेब्रुवारी, शनिवार
आता बघायचा नाही. तयारी पूर्ण. फक्त साखरेचा सीन, तोही आवाज तपासायला. चार वेळा. आवाजात दोष नाही. म्हातारा हाक मारतो, थांबतो, आणि स्वतःच डबे उघडायला लागतो. पहिल्यांदा हे थांबणं माझ्या हसण्यात बुडालं होतं. हॉलची ध्वनियोजना भिकार आहे.

१७ फेब्रुवारी, रविवार, दुपारी २
क्लबातून आत्ताच आलो. मेहुण्याचा डाव होता, माईक मुद्दाम खराब दिला. पहिली चूक वाचायला लागलो, ‘म्हातारा साखर मागतो, हे अवास्तव’. मग यादी बाजूला ठेवून तो डबे कसे उघडतो ते सांगायला लागलो. एकेक डबा. पाचव्या डब्यापर्यंत पोचलो. साठ माणसांसमोर रुमाल शोधत होतो, आणि ते टाळ्या वाजवत होते. मेहुणा म्हणाला, इतकं सुंदर रसग्रहण क्लबात झालं नव्हतं. त्याला मारावंसं वाटलं. माफी मागायची राहूनच गेली.

संध्याकाळी ७
शेवटी बायकोला जाऊन सांगितलं, सिनेमा चांगला आहे. मी हसायला नको होतं, तुला बाबा आठवले असतील.

ती म्हणाली, सिनेमा तिला रटाळच वाटला होता. अर्धा वेळ डुलक्या काढत होती. बाबा काही त्या म्हाताऱ्यासारखे नव्हते. बाहेर गेली ती लाजेने, सगळे वळून आमच्याकडे बघत होते म्हणून.

मी म्हटलं, मग दोन आठवडे अबोला कशाला?

तिने कणीक मळायला घेतली. मग म्हणाली, भावाचा फोन आला होता मघाशी. सगळं कळलं. अबोला नुसत्या त्या हसण्याचा नव्हता. बाबा गेले त्या दिवशी तुमच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. हॉस्पिटलच्या बिलात चूक शोधत होतात. आणि पडद्यावरच्या परक्या म्हाताऱ्यासाठी भर सभेत रडलात.

बिलात चूक होती, हे मी बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग तीच म्हणाली, स्वयंपाकघरातला गीझर सोमवारपासून बंद आहे, बघता का?

बघतोय. झाकण उघडून पाऊण तास झाला, बिघाड अजून शोधायला घेतलेला नाही.